लांडग्याची हाक आणि आपली आळवणी



मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो आणि लगेच प्रभूकडे दयेची याचना करतो. खरे सांगायचे तर ही आळवणी आपल्या देवळात अर्ध्या मिनिटात उरकते. कोणी अजून बाकावर जागा शोधत असतो, कोणी मोबाईल बंद करीत असतो, आणि वेदीवर आम्हीही पुढचे पान उलटण्याच्या घाईत असतो. या आळवणीकडे नव्याने पाहायला आम्हाला लावले ते एका लांडग्याने.

न्यूयॉर्क शहरात सेंट जॉन द डिव्हाइन नावाचे अँग्लिकन परंपरेतील भव्य कॅथेड्रल आहे. तेथील डीन जेम्स पार्क्स मॉर्टन यांच्या सांगण्यावरून सॅक्सोफोनवादक पॉल विंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी एक मिस्सा संगीतबद्ध केली. तिचे नाव 'मिस्सा गाया', म्हणजे पृथ्वीची मिस्सा. १९८१ साली मातृदिनी ती तेथे प्रथम सादर झाली. (गाया ही ग्रीक पुराणातली भूदेवी. हे नाव आम्हालाही थोडे खटकलेच!) विंटर यांनी १९६८ मध्ये शास्त्रज्ञ रॉजर पेन यांच्या व्याख्यानात हम्पबॅक देवमाशांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकले होते आणि तेव्हापासून प्राण्यांच्या स्वरांना ते सोबतचे गायक मानू लागले. त्या मिस्सामध्ये 'पवित्र, पवित्र' या गीतात देवमाशाचा स्वर आहे. आणि 'किरिये एलेइसोन' ही दयेची याचना, जी आपले आजी-आजोबा लॅटिन मिस्सामध्ये याच ग्रीक शब्दांत गात असत, तिची चाल टुंड्रा प्रदेशातील एका लांडग्याच्या हाकेवर बांधली आहे. लांडग्याने लावलेला सूर माणसे आपल्या गळ्याने उचलतात आणि त्यावर दया मागतात.

आता कोणी म्हणेल, फादर, लांडगा आणि मिस्सामध्ये? शुभवर्तमानात तर तो कळप पांगवणारा! शंका रास्त आहे. आपल्या उपासनेत असा प्रयोग करावा असे आम्ही म्हणत नाही. उपासनेला तिचे नियम आहेत आणि ते असावेत.

पण दुसरी शंका अधिक खोल आहे. पशूच्या ओरडण्याला प्रार्थना म्हणता येईल काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा भेद पाठ केला होता: आवाज वेगळा, वाणी वेगळी. सुखदुःख सांगणारा आवाज पशूंनाही असतो, न्याय-अन्याय सांगणारी वाणी फक्त माणसाला. संत थॉमस अक्वायनस तोच धागा धरून म्हणतात की, प्रार्थना ही बुद्धी असलेल्या जिवाचीच. मग त्यांच्यापुढे अडचण उभी राहते. स्तोत्रकर्ता तर सांगतो की कावळ्याची पिले देवाला हाक मारतात, सिंहाचे छावे देवाजवळ अन्न मागतात. थॉमस हे उडवून लावत नाहीत. प्रत्येक जीव आपापल्या परीने देवाच्या चांगुलपणाकडे ओढ घेतो, त्या स्वाभाविक ओढीमुळे पिलांची हाक देवाला मारलेली म्हटली आहे, असा उलगडा ते करतात.

परीक्षेत हे उत्तर लिहून आम्ही गुण मिळवले. पण त्याचा अर्थ कळायला एक अंत्यविधी व्हावा लागला.

आम्ही नवे धर्मगुरू होतो, दुसऱ्या धर्मग्रामात. ऐन तारुण्यात गेलेल्या मुलाची शवपेटी वेदीपुढे होती आणि त्याची आई ओरडत होती. शब्द नव्हते. नुसता एक लांब सूर, चढायचा आणि तुटायचा. आम्हाला प्रवचन करायचे होते. दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा आम्ही तिच्या नातेवाइकांना खूण केली, तिला बाहेर न्या. त्यांनी नेले. देऊळ शांत झाले आणि आम्ही पुनरुत्थानाच्या आशेवर दहा मिनिटे व्यवस्थित बोललो.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडू लागला तेव्हा त्याला गप्प बसवणारे काही वाईट लोक नव्हते. येशूबरोबर चालणारेच होते ते! त्या दिवशी आम्ही त्यांच्यात उभे होतो. सबंध देवळात दयेची खरी याचना एकटी ती माऊली करीत होती, आणि आम्ही तिला वाणी नाही म्हणून दारापलीकडे पाठवले. संत पौल लिहितात की सारी सृष्टी आजवर प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे. त्या कण्हण्यात तिचाही सूर होता. रात्री कुत्रे लांब सूर काढते तेव्हा आपण अपशकुन म्हणून दगड उचलतो. तो दगड आम्ही त्या दिवशी माणसावर उचलला.

पुढे दोन वर्षांनी आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. "फादर, मला तर काहीच आठवत नाही," असे म्हणून तिने चहा ठेवला.

कॉयरमास्तरांशी आमचे बोलणे झाले आहे. येत्या रविवारपासून दयेच्या आळवणीनंतर ऑर्गन लगेच सुरू होणार नाही. थोडा वेळ रिकामा राहील. त्या वेळात कोणाचे लेकरू रडले, कोणाला हुंदका आला, तर मागे वळून पाहू नये.

आपले धर्मगुरू