वाट चुकलेल्याला कळत नाही



पावसाळ्यात टिटवाळ्यात वीज गेली की ओळखीच्या गल्ल्याही परक्या होतात. अशाच एका रात्री आम्ही स्टेशनवरून घराकडे निघालो, आमच्या मते अगदी सरळ, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा त्याच पानटपरीपुढे उभे! टपरीवाला म्हणाला, "मघाशी इथूनच गेलात ना?" तेवढ्यात कसारा लोकलचा भोंगा वाजला. रूळ कोणत्या अंगाला ते कळले, आणि घर सापडले.

जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात व सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सूर्य दिसत होता तोवर माणसे बरीचशी सरळ गेली. आभाळ भरलेल्या दिवशी जंगलात ती गोल फिरली, आपलीच वाट ओलांडत राहिली. आणि त्यांना ते कळलेही नाही.

इस्राएली लोकांकडे तर मेघस्तंभ होता, अग्निस्तंभ होता. होरेबपासून कादेश-बर्ण्या अकरा दिवसांची वाट (अनुवाद १:२). तरी वचनदत्त देशात पोहोचायला चाळीस वर्षे लागली. खूण दिसत होती, पुढे जायला मन धजत नव्हते.

आपलेही तसेच. सख्ख्या भावाशी अबोला धरून दर रविवारी आपण मिस्साला येतो, दान टाकतो, आणि सारे सरळ चालले आहे असे मानतो. घरातले कोणी म्हणाले, "पुन्हा तेच भांडण?" की राग येतो.

टपरीवाल्याचा मात्र आम्हांला राग आला नव्हता.