स्पर्धा संपल्यानंतरची स्वच्छता



केंद्र सरकारचे ‘स्वच्छ सर्वेक्षण’ २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झाले. आज देशातील हजारो नगरे या स्पर्धेत उतरतात. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२१ च्या सर्वेक्षणात विटा देशात पहिले आले, तर २०२३ च्या सर्वेक्षणात तो मान सासवडला लाभला. त्यामुळे लहान गावांतही उमेद जागी झाली आहे. भिंती रंगतात, चौक सजतात, घंटागाडी गल्लोगल्ली फिरते. अशा वेळी आपल्या मोहल्ल्यांतून दोन प्रश्न ऐकू येतात. ही स्पर्धा आपली आहे काय? आणि बक्षिसासाठी केलेल्या कामाला दीनमध्ये काही मोल आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. दिव्य कुरआनने सत्कृत्यांत एकमेकांच्या पुढे जाण्याचा आदेश दिला आहे (सूरह अल-बकरा : १४८), आणि पाक राहण्याची आवड असलेल्या कुबावासीयांची प्रशंसा केली आहे (सूरह अत-तौबा : १०८). प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करण्याला ईमानाची एक शाखा म्हटले. वाटेतला काटा चालणाऱ्याचा धर्म विचारून रुतत नाही. म्हणून तो उचलणाऱ्यानेही वाट कोणाच्या वस्तीतली, हे विचारू नये. गाव आपले आहे, तर गावाची स्वच्छताही आपलीच आहे.

दुसरा प्रश्न नियतीचा आहे. कर्मांचा आधार नियतीवर असतो, ही हजरत उमर (रजि.) यांनी निवेदन केलेली हदीस सर्वांना परिचित आहे. केवळ परीक्षकांसाठी झाडलेला रस्ता त्यांची गाडी वेशीबाहेर जाताच पुन्हा घाण होतो. ही रिया होय. परंतु रियाच्या भीतीने सत्कार्यच सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लोकांखातर काम टाकणे हीदेखील रियाच, असे हजरत फुजैल बिन इयाज (रह.) यांनी बजावले आहे. काम चालू ठेवावे आणि नियत दुरुस्त करावी. गुणपत्रक नगराला मिळू द्या. आपला मोबदला अल्लाहकडे मागा.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. मदीनेत मस्जिदे नबवी झाडणारी एक सावळी स्त्री होती. तिचे निधन झाले, तेव्हा ही बाब लहान समजून सहाबांनी प्रेषितांना (स.) कळवले नाही. ती दिसेना म्हणून त्यांनी स्वतः चौकशी केली, आपल्याला का सांगितले नाही असे विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन नमाज अदा केली. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही घटना आली आहे. लोकांच्या लेखी जी नगण्य होती, तिची उणीव अल्लाहच्या प्रेषितांना जाणवली.

आपल्या दारी रोज येणाऱ्या सफाई कामगाराची उणीव आपल्याला कधी जाणवते? तो आला नाही, की कचरा साचल्याची तक्रार आपण करतो. तो आजारी आहे काय, हे विचारत नाही. ज्याच्या जिभेपासून व हातापासून लोक सुरक्षित, तो मुस्लिम, अशी प्रेषितांची शिकवण आहे. ओल्या कचऱ्यात आपण उघडी टाकलेली फुटकी काच जेव्हा त्या कामगाराचा तळवा चिरते, तेव्हा तो आपल्या हाताकडून सुरक्षित राहिला, असे आपण म्हणू शकतो काय? ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे हा नगरपालिकेचा नियम आहेच. आपल्यासाठी तो एका माणसाचा हक्कही आहे.

ईदुल अज्हाला कुर्बानीचे अवशेष उघड्यावर वा गटारात न टाकता नेमलेल्या ठिकाणीच द्यावेत. वुजूखान्याचे पाणी रस्त्यावर वाहू देऊ नये. प्रेषित (स.) अवघ्या एका मुद्द, म्हणजे ओंजळभर पाण्यात वुजू करीत, हे नळ सोडताना आठवावे. दावतीनंतर पत्रावळी यजमानाने स्वतः उचलवून घ्याव्यात. आणि मुलांच्या हातून एखादे झाड लावावे. त्याचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी तो सदकाच आहे.

परीक्षक वर्षातून एकदा येतात. अल्लाह मात्र प्रत्येक क्षणी पाहणारा आहे.

हे अल्लाह, आमची घरे, आमच्या गल्ल्या आणि आमची अंतःकरणे पाक कर, आणि आमची घाण उचलणाऱ्या हातांचा हक्क अदा करण्याची आम्हाला तौफीक दे. आमीन.