दुसऱ्याची वेळ

नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, मूल होत नाही. प्रार्थनासभेत विनंती आली की आपण म्हणतो, ‘प्रभूच्या वेळेची वाट पाहा.’ सल्ला खराच आहे. पण स्वतःच्या गरजेसाठी थांबणं एक, आणि आपल्या जिवाभावाच्या माणसात देवाचं काम त्याच्या गतीने चालू असताना मध्ये हात न घालता थांबणं दुसरं. हे दुसरं थांबणं मला फार अवघड वाटतं आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आपल्या नगर जिल्ह्याला हे शिकायला लांब जावं लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक इथेच राहिले, इथेच त्यांनी सेवा केली. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी लगेच मान डोलावली नाही. वाचलं, डोंगरावरील प्रवचनापाशी अडखळून थांबले, टोपणनावाने पत्रं लिहून शंका विचारल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. देवाने त्यांना विचार करायला अवधी दिला होता आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला.

त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, असा अवधी मिळालाच नव्हता. त्यांच्यावर ती बातमी कोसळली. संसार मोडला, पुढची काही वर्षं ताटातुटीत आणि रडण्यात गेली. टिळकांच्या श्रद्धेचं कौतुक करताना तिची किंमत घरातल्या बाईनेही मोजली, हे विसरू नये. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊनच. नवरा ख्रिस्ती, भोवतीची माणसं मिशनची, आणि ह्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. त्या काळच्या नवऱ्याला ‘आता माझा धर्म तो तुझा’ म्हणायला कुणी अडवलं नसतं. टिळक तापट होते, उतावळे होते. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते सांगायला नको. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःला घातला, उत्तरही स्वतःच शोधलं, आणि मग कुणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

राहुरीकडच्या काळ्या रानात पाऊस पडला म्हणून कुणी लगेच तिफण घालत नाही. वाफसा यावा लागतो. चिखलात पेरलं तर बी कुजतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं. माणसाच्या मनाबाबत मात्र आपण चिखलातच पेरायला निघतो.

बायबलमधल्या शौल राजाचं तेच झालं. गिलगालात तो शमुवेल संदेष्ट्यासाठी सात दिवस थांबला. समोर पलिष्टी, मागे पांगत चाललेले लोक. शेवटी त्याने स्वतःच होमार्पण केलं, आणि ते आटोपतंय तोवर शमुवेल आला. मला शौलाची दया येते. त्याला देव नको होता असं नाही. माणसं हातची जातील या भीतीने त्याने घाई केली. आईबापांची घाईही बहुतेक वेळा त्याच भीतीतून येते.

दृढीकरणाच्या वेळी हे दिसतं. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, मला अजून काही प्रश्न आहेत. घरचे म्हणतात, बरोबरीच्या सगळ्यांनी नावं दिली, तूही दे, लोक काय म्हणतील? मुलगा वेदीपुढे उभा राहतो, विचारलेल्याला हो म्हणतो. असा होकार देवाला हवा असेल असं मला वाटत नाही. त्या मुलाचे प्रश्न हेच कदाचित देवाने त्याच्याशी सुरू केलेलं बोलणं असेल. लग्नाच्या स्थळाबाबतही ‘मला प्रार्थनेत उत्तर मिळालंय’ असं सांगून मुलीचं तोंड बंद करणारे वडीलधारे आहेत. उत्तर तिला मिळायचं आहे. संसार तिला करायचा आहे.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणंही नव्हे. लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला टिळकांनीच शिकवलं. वाद घातले, रुसवेफुगवे झाले, प्रार्थना केली. फक्त निर्णय तिच्यासाठी मोकळा ठेवला.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ जेमतेम साडेदहा अध्यायांवर अडलेलं होतं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, अखेरचा त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी. १८९५ सालीच दटावून घेतलेल्या होकारातून हे चौसष्ट अध्याय आले असते, असं मला वाटत नाही.