थिबा पॉइंटवरून समुद्र बघताना

रत्नागिरी गाडीने एका दिवसात 'होते'. सकाळी थिबा राजवाडा, तिथून थिबा पॉइंट, मग रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ, दुपारी मासे आणि संध्याकाळी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. हे सगळं सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो पहिल्या दोन ठिकाणांचा.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण बघतो तो राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं त्याने हाच समुद्र बघितला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्री आणि रेल्वेचा पत्ता नाही. कैदी ठेवायला गाव सोयीचं होतं. ज्या दूरपणासाठी आपण वीकेंडला इथे येतो, तोच त्याचा तुरुंग होता.

मग दुसऱ्याची कैद हा आपला फोटो पॉइंट असावा का?

कुणी म्हणेल, शंभर वर्षं झाली, आता किती सुतक पाळायचं? मुद्दा बरोबर आहे. सुतक नकोच. 'इंग्रज वाईट' एवढं म्हणून मोकळं होणंही नको, कारण मंडालेवर चालून गेलेल्या फौजेत हिंदी शिपाईही होते. आपण या गोष्टीत नुसते प्रेक्षक नाही.

मला वाटतं, बघण्यात काही चूक नाही. चूक होते ती नाव ठेवून माणूस गाळण्यात. पॉइंटला एकच दृश्य पुरतं, माणसाच्या आयुष्याला ते पुरत नाही. थिबाच्या थोरल्या राजकन्येला राजवाड्यातल्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, पण ही राजकन्या पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ मध्ये इथेच गरिबीत वारली. तिची मुलगी तर पुरती रत्नागिरीकर झाली. बापाला जे गाव तुरुंग होतं, तेच नातीचं घर झालं. 'बिचारा राजा' म्हणून हळहळून निघालो, तर ही अर्धी गोष्ट आपल्या हाती लागतच नाही.

थिबाची समाधी रत्नागिरीतच आहे. तिथून समुद्राचा देखावा नाही आणि सूर्यास्ताच्या आत आरे-वारे गाठायचं असतं, म्हणून ती यादीतून सहज गळते. तिथे दहा मिनिटं थांबल्याने इतिहासाची भरपाई होणार नाही. पण कुठे थांबायचं आणि कधी निघायचं, हे आपलं आपण ठरवू शकतो. थिबाला तेवढंच करता येत नव्हतं.