उसना माणूस

उसने आणलेले भांडे घासूनपुसून, आणि शक्य तर रिकामे न ठेवता परत करावे, असा आपल्या घरांतील जुना रिवाज आहे. भांड्यांविषयी इतका स्पष्ट असलेला हा नियम उसन्या घेतलेल्या माणसाविषयी मात्र कोणी सांगितलेला आढळत नाही. माणूस उसना घेता येतो काय, असे डेप्युटेशनचा अनुभव घेतलेले आमचे वाचक विचारणार नाहीत. युरोपातील धंदेवाईक फुटबॉलमध्ये तर हा नित्याचा व्यवहार आहे. खेळाडूचा करार एका क्लबाशी असतो. काही महिन्यांपुरता तो दुसऱ्या क्लबाच्या स्वाधीन केला जातो आणि मुदत संपताच परत येतो. अशा व्यवहारातील एका गाजलेल्या अपयशाचा विचार करताना आम्हांस एक प्रश्न पडला. ज्याच्या हाती काम असे फारसे दिलेच गेले नाही, तो कामात अयशस्वी झाला असे म्हणणे न्याय्य आहे काय?

ज्युलियाँ फोबेर हा फ्रेंच खेळाडू 1983 साली ल हाव्र येथे जन्मला. 2006 च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून बॉस्नियाविरुद्ध खेळला. झिदान निवृत्त झाल्यामुळे मोकळा झालेला 10 क्रमांकाचा सदरा त्या दिवशी त्याच्या अंगावर होता आणि विजयाचा गोलही त्यानेच केला. पुढल्या वर्षी लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाने त्याला बोर्दोकडून विकत घेतले. परंतु मोसम सुरू होण्यापूर्वीच त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्यातून सावरून तो खेळू लागला असता, 2009 च्या जानेवारीअखेर रेआल माद्रिदने त्याला मोसमापुरते उसने मागितले. तोवर नऊ वेळा युरोपचे अजिंक्यपद मिळविलेला हा क्लब. मध्यम प्रतीच्या खेळाडूस असे बोलावणे यावे याचेच अनेकांना आश्चर्य वाटले. तेथे तो लीगचे अवघे दोन सामने खेळला. एक दिवस सुट्टी आहे अशा समजुतीने तो सरावास गेला नाही, हे वृत्त सर्वत्र पसरले. राखीव खेळाडूंच्या बाकावर तो डोळे मिटून बसल्याचे एक छायाचित्र तर त्याच्या साऱ्या खेळापेक्षा अधिक प्रसिद्ध झाले. कायम विकत घेण्याची मुभा करारात असूनही माद्रिदने ती वापरली नाही.

यावर जगाने त्याच्या अपात्रतेचा निकाल दिला. पण त्याला उसने घेणाऱ्यांची स्थिती काय होती? अध्यक्ष काल्देरोन यांनी त्याच जानेवारीत राजीनामा दिला होता आणि कारभार हंगामी अध्यक्ष पाहत होते. प्रशिक्षक हुआंदे रामोस हेही डिसेंबरात मोसम निभावून नेण्यापुरतेच आलेले. संघ त्या महिन्यांत सामन्यांमागून सामने जिंकत होता, आणि जिंकणारा संघ कोणी बदलीत नाही. उन्हाळ्यात पेरेझ अध्यक्षपदी परतले, रामोस गेले, रोनाल्डो व काका आले. घेणारे स्वतःच उद्याचे नव्हते. उसन्या माणसाच्या उद्याची चिंता त्यांनी का करावी? तातडीची सोय म्हणून त्याला बोलावले आणि तातडी संपल्यावर तो बाकावर राहिला. पारख झालीच नाही, पण निकाल मात्र लागला. ज्या कचेरीत नव्या माणसास टेबल मिळते परंतु फाईल मिळत नाही, तेथेही वर्षाअखेर त्याच्या नावावर असाच शेरा पडतो.

मग सारा दोष घेणाऱ्याचा म्हणून मोकळे व्हावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुट्टी आहे की नाही, हे विचारणे त्या खेळाडूच्याच हाती होते. कर्म करावे, फळाची आशा धरू नये, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो. पण तो हाती कर्म असलेल्यास उद्देशून आहे. ज्याला कर्मच नाकारले गेले, त्याने काय करावे? आमच्या मते तयार राहणे हेच त्याचे कर्म होय. आणि ते सर्व कर्मांत कठीण आहे, कारण त्याला साक्षीदार नसतो. खेळणाऱ्यास टाळ्यांचा आधार असतो. बाकावरील माणसाला स्वतःवाचून कोणी विचारणारा नसतो. तेथे एका सकाळीचा गाफीलपणाही महागात पडतो.

तथापि या दोन जबाबदाऱ्या भिन्न आहेत आणि त्यांची बेरीज एकाच नावावर मांडणे हा अन्याय आहे. तयार राहिला नाही, हा ठपका उसन्या माणसावर ठेवावा. त्याला वापरले नाही, हा ठपका घेणाऱ्यावरच राहिला पाहिजे. ‘अयशस्वी’ आणि ‘न वापरलेला’ हे शब्द समानार्थी नव्हेत. परंतु पहिला शब्द लिहिणे सोयीचे असते, कारण त्याने लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते. माणसास रिकामा परत पाठवून वर त्याच्याच पोकळपणाची चर्चा करणे, याहून सोपा मार्ग घेणाऱ्यास दुसरा नाही.

फोबेर लंडनला परतला आणि 2012 पर्यंत वेस्ट हॅममध्ये खेळला. पुढे तुर्कस्तान, पुन्हा बोर्दो, स्कॉटलंड, फिनलंड आणि अखेर इंडोनेशियातील बोर्निओ असा त्याचा प्रवास झाला. 2013 साली तो बोर्दोत परतला आणि त्याच वर्षी त्या संघाने फ्रेंच चषक जिंकला. माद्रिदच्या चार महिन्यांनंतर अनेक वर्षे त्याला कोणी ना कोणी आपल्या संघात घेत राहिले. ज्यांनी त्याला खरोखर खेळविले, त्यांचे मत आम्ही त्या छायाचित्रापेक्षा अधिक विश्वसनीय मानतो.