जाळे पुन्हा हाती घेताना

पुनरुत्थान काळातील तिसरा रविवार (योहान 21:1-19)



आजच्या शुभवर्तमानात सात शिष्य रात्रभर सरोवरात आहेत आणि पहाटे त्यांची होडी रिकामी आहे. त्यांतील पेत्र, याकोब आणि योहान हे हाडाचे कोळी. गालिलचे पाणी त्यांना घरच्या अंगणासारखे ठाऊक होते. परंतु प्रभूच्या मागे जाताना त्यांनी जाळी किनाऱ्यावर सोडली होती, आणि मधली वर्षे गावोगाव फिरण्यात गेली होती. पेत्राच्या मनावर तर आणखी एक ओझे होते. महायाजकाच्या वाड्यात, कोळशाच्या शेकोटीजवळ, त्याने आपल्या गुरूला तीन वेळा नाकारले होते. हात रिकामे आणि मनही रिकामे, अशा अवस्थेत तो होडीत उभा आहे.

किनाऱ्यावरून प्रभू येशू त्याला हाक मारतो. तो उलटतपासणी घेत नाही, झाल्या गोष्टींचा पाढा वाचत नाही. जाळे होडीच्या उजव्या बाजूला टाका, एवढेच सांगतो. आणि 153 मोठे मासे लागतात, तरी जाळे फाटत नाही. शिष्य किनाऱ्यावर येतात तेव्हा निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार असते. तरीही प्रभू त्यांना त्यांनी धरलेल्या मासळीतून थोडी आणायला सांगतो. त्याला त्यांच्या मासळीची गरज नव्हती. पण त्यांच्या हातांना अजून काही जमते, हे त्यांना कळण्याची गरज होती.

ह्या प्रसंगावरून आम्हांला आपल्याच किनाऱ्यावरचे दोन मित्र आठवतात. दोघेही लहानपणी खाडीत पाग टाकायला जात. एक इथेच राहिला. दुसरा परदेशी जहाजांवर नोकरीला गेला आणि वीस-बावीस वर्षांनी कायमचा घरी परतला. वडिलांचा पाग माळ्यावर पडून होता. त्याला तो पुन्हा टाकावासा वाटे, पण लोक हसतील म्हणून तो टाळत असे.

मित्राने आधी त्याला पाण्याकडे नेलेच नाही. दोघे पडवीत बसले आणि उंदरांनी कुरतडलेले पागाचे फास एकेक करून सांधू लागले. त्यात चार संध्याकाळी गेल्या. मग ओहोटीची वेळ पाहून दोघे खाडीवर गेले. पाग टाकणे दिसायला सोपे असते. दोरी मनगटाला बांधायची, जाळ्याचा काही भाग कोपरावर घ्यायचा, शिशाच्या गोळ्यांची कड हातात पसरायची आणि कमरेतून वळून सोडायचे. जमले तर पाग पाण्यावर ताटासारखा गोल उघडतो. हात बिचकला तर गोळा होऊन धपकन पडतो. पहिल्या दिवशी तो दरवेळी गोळा होऊनच पडला. मित्राने त्याच्या हातातून पाग घेतला नाही आणि “अरे, तुला एवढेही येत नाही?” असेही म्हटले नाही. “घाई करू नकोस. कमरेतून वळ,” एवढेच तो सांगत राहिला. आठवडाभराने पाग उघडला. चार बोय मिळाली. त्या रात्री त्या घरात जे कालवण शिजले, त्याची चव बाजारातल्या पापलेटला येणार नाही!

बंधू-भगिनींनो, ह्याच माणसाने मिस्सालाही कित्येक वर्षे पाऊल टाकलेले नव्हते. मित्राने त्याबद्दल कधी उपदेश केला नाही. खाडीवरून परतताना एका शनिवारी तो सहज म्हणाला, “उद्या सातच्या मिस्साला मी जातोय. येतोस का?” आणि तो आला.

मार्कच्या शुभवर्तमानात (1:19) याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करीत बसलेले दिसतात. त्या ‘नीट करण्या’साठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच संत पौल गलतीकरांना लिहिताना वापरतो (6:1). कोणी चुकीच्या वाटेला गेला तर त्याला सौम्यतेने नीट करा, असे तो सांगतो. म्हणजे पौलाच्या मते वाट सोडलेला भाऊ हे फाटलेले जाळे आहे. फाटलेले जाळे कोळी फेकून देत नाही आणि त्याच्यावर ओरडतही नाही. तो मांडी घालून बसतो आणि एकेक फास सांधतो.

1986 साली दुष्काळाने गालिल सरोवराचे पाणी आटले, तेव्हा गिनोसारजवळ चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एक होडी सापडली. सुमारे आठ मीटर लांबीच्या त्या होडीत दहाहून अधिक प्रकारची लाकडे आढळली. जिथे फळी कुजली तिथे मिळेल त्या लाकडाचा तुकडा बसवून कोळ्यांनी ती पुन्हा पुन्हा पाण्यात लोटली होती. प्रभूच्या काळातले कोळी अशाच होड्यांतून जात असत. आपली ख्रिस्तसभाही अशीच, सांधलेल्या फळ्यांची होडी आहे.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास एक व्यवहारी गोष्ट शिकवतात. अंगी बाणलेला चांगला गुण विरोधी कृतीमुळेच क्षीण होतो असे नाही. तो वापरात नसला तरी क्षीण होतो. प्रार्थनेचेही तसेच आहे. पुष्कळ लोक देवावर रागावून चर्च सोडत नाहीत. नोकरीची पाळी, आजारपण, एखादा दुखावणारा शब्द, एवढे निमित्त होते. एक रविवार चुकतो, मग दहा चुकतात आणि पुढे येण्याचीच लाज वाटू लागते. परंतु बाप्तिस्म्याचा आत्म्यावर उमटलेला ठसा कधीही पुसला जात नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. माळ्यावर पडून असला तरी पाग आपल्याच घरचा असतो.

आता प्रश्न आपला आहे. असा एखादा भाऊ किंवा बहीण नाताळच्या रात्री, एखाद्या लग्नाला किंवा मयतीला चर्चमध्ये येते. तेव्हा दारातच कोणीतरी म्हणते, “काय, आज वाट चुकलात?” बोलणारा ते थट्टेत बोलतो, ऐकणारा पुढची पाच वर्षे येत नाही. त्या जागी बाकावर सरकून जागा द्यावी. उत्तरे विसरला असेल तर उपासनेचे पुस्तक त्याच्यापुढे उघडून धरावे. मिस्सा संपल्यावर चहाला घरी न्यावे. ह्या आठवड्यात आपण प्रत्येकाने असा एकच माणूस डोळ्यांसमोर आणावा, आधी त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि मग त्याच्या घरी जावे.

आणि जे पुष्कळ वर्षांनी आज इथे बसले आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे: कुमसाराची पद्धत आठवत नसेल, पश्चात्तापाची प्रार्थना तोंडी येत नसेल, तरी या. “फादर, मी विसरलोय,” एवढ्या वाक्याने सुरुवात करा. पुढे आम्ही धर्मगुरू तुमच्याबरोबर आहोत. पहिल्यांदा पाग गोळा होऊन पडेल. पडू द्या.

ज्या पेत्राने शेकोटीजवळ प्रभूला नाकारले, त्यालाच प्रभूने दुसऱ्या शेकोटीजवळ आपली मेंढरे सोपविली. तीन नकारांच्या जागी त्याने तीन वेळा प्रेमाची कबुली घेतली आणि मग पुन्हा मागे येण्यास सांगितले. पेत्र गेला, आणि त्याच्यामागून आपण आलो.

पुनरुत्थित प्रभू, आमच्या फाटलेल्या जाळ्यांना तुझा हात लाव आणि दुसऱ्याचे जाळे सांधण्याइतका धीर आम्हांला दे. आमेन.