आरसा आणि कोर्ट

पुण्यातल्या एका जिमखान्यावर सोळा वर्षांखालच्या मुलींची टेनिस स्पर्धा होती. मैत्रेयीचं नाव पहिल्यांदाच मुख्य ड्रॉमध्ये लागलं. आजी इतकी खूश झाली की तिने नातीच्या हातावर आठ हजार रुपये ठेवले आणि बजावलं, "काहीतरी झकपक घे. चारचौघींत उठून दिसली पाहिजेस."

खरेदीला सोबत मावशी गेली. मावशी कॉलेजात असताना विद्यापीठाकडून टेनिस खेळलेली. गुडघ्याने साथ सोडली म्हणून रॅकेट माळ्यावर गेली, पण नजर अजून कोर्टावरचीच.

दुकानात शिरल्याबरोबर मैत्रेयीने एक पांढराशुभ्र ड्रेस हेरला. पाठीला जाळी, कमरेपासून खाली बारीक चुण्या. तो घालून ती आरशासमोर उजवीकडे वळली, डावीकडे वळली. ड्रेस अंगावर बेतल्यासारखा बसला होता. सेल्सगर्लसुद्धा मान डोलवत म्हणाली, "मॅडम, फोटो काढाच."

मावशीने शेजारच्या टोपलीतला एक चेंडू उचलून तिच्याकडे टाकला. "हा ठेव."

"कुठे?"

"तेच तर विचारतेय."

ड्रेसला खिसा नव्हता. आतली शॉर्ट वेगळी घ्यायची होती, आणि उरलेल्या पैशांत बसत होती ती साधी सायकलिंगची. "शॉर्टमध्ये खोचेन की," मैत्रेयी म्हणाली, "टीव्हीवर सगळ्या तेच करतात."

"त्यांच्या शॉर्टची मांडीवरची पट्टी घट्ट असते, नाहीतर आत खिसा शिवलेला असतो. पहिली सर्व्हिस बरोबर पडली की दुसरा चेंडू अंगावर घेऊनच रॅली खेळायची असते. तू बॅकहँड दोन्ही हातांनी मारतेस, म्हणजे तो हातातही धरता येणार नाही."

मैत्रेयीचं लक्ष तोवर बुटांकडे गेलं होतं. जाड, मऊ सोलचे, पोपटी लेस असलेले रनिंगचे बूट. मावशीने एक बूट उलटा करून पाहिला. "हे सरळ पळायचे बूट आहेत, गं. कोर्टावर तू आडवी पळतेस, मध्येच थांबतेस, लाल मातीवर घसरतेस. उंच आणि मऊ सोल असला की पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो. क्ले कोर्टाच्या बुटाला तळाशी दाट नागमोडी रेघा असतात. माती धरायची तेव्हा धरतात, सोडायची तेव्हा सोडतात."

"मावशी, ते बूट किती बोअर दिसतात बघ ना!"

मावशीने वाद घातला नाही. "पैसे आजीचे, मॅच तुझी," एवढंच म्हणाली.

पहिल्या फेरीत मैत्रेयीसमोर सोलापूरची एक मुलगी आली. तिचे वडील तिथल्या क्लबात मार्कर, म्हणजे सभासदांना खेळवणारे, होते, बाप-लेकीचं कोर्ट एकच. टी-शर्ट धुऊन धुऊन विटलेला, टोपीचा मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये, दोन खिशांचा साधा स्कॉर्ट, म्हणजे आत शॉर्ट असलेला स्कर्ट. अंगावरचं सगळं जुनं. पायातले क्ले कोर्टाचे बूट तेवढे कोरे करकरीत.

पहिला सेट मैत्रेयीने ६-४ घेतला. ती खेळाडू चांगलीच होती. दुसऱ्या सेटमध्ये मात्र तिचा पाय दोनदा कलंडला. मुरगळला नाही, पण मनात धास्ती बसली. कोपऱ्यातल्या चेंडूंवर ती पाऊलभर आधीच थांबू लागली. समोरच्या मुलीने ते ओळखलं आणि कोपरेच खेळायला सुरुवात केली. सेट गेला ६-३.

तिसऱ्या सेटमध्ये २-२ असताना एका रॅलीत शॉर्टमध्ये खोचलेला चेंडू निसटला आणि टपटप उड्या मारत कोर्टभर फिरला. पंचांनी खेळ थांबवून पॉइंट पुन्हा खेळवला आणि समज दिली, "यापुढे पडला तर पॉइंट जाईल." नियमच तसा आहे. पहिल्या वेळी तो अपघात धरतात, पुढच्या वेळी समोरच्याला दिलेला अडथळा.

४-४ वर मैत्रेयीची सर्व्हिस होती, स्कोअर ३०-४०. तिने सुरेख फोरहँड मारून समोरच्या मुलीला कोर्टाबाहेर ओढलं. चेंडू परत आला तो लोंबता, अर्धवट. अर्धं कोर्ट मोकळं. ती पुढे धावली, आणि मांडीजवळचा चेंडू सुटून पायाशी पडला. पंचांनी हात वर केला. पॉइंट गेला, त्याबरोबर गेमही. पुढच्या गेममध्ये सोलापूरकरणीने मॅच संपवली.

कँटीनमध्ये मैत्रेयीने समोरच्या इडलीला हात लावला नाही. "एका चेंडूने घात केला," ती पुटपुटली.

"त्या चेंडूने एकच पॉइंट नेला," मावशी म्हणाली. "त्याआधी चार गेम तू प्रत्येक फटक्यानंतर मांडी चाचपत होतीस. ते पॉइंट कोणाच्या खात्यात मांडायचे?"

मैत्रेयी चिडली. "म्हणजे आता मी पोत्यासारखं काहीतरी घालून खेळायचं का?"

"कोण म्हणतंय? सुझान लांग्लेन माहीत आहे? फ्रान्सची. १९१९ साली विम्बल्डनला पहिल्यांदा आली तेव्हा वीस वर्षांची होती. फायनलला समोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. वय चाळीस, सात वेळा जिंकलेली. त्या काळी बायका कमर आवळणारं कॉर्सेट आणि घोळदार, लांब स्कर्ट घालून खेळायच्या. लांग्लेनने कॉर्सेट टाकलं आणि पोटरीपर्यंतचा, आखूड बाह्यांचा ड्रेस घातला. लोकांनी नाकं मुरडली. पण ती चेंडूवर झेप घेऊ शकत होती. दोन मॅच पॉइंट वाचवून १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली."

"मग? तीसुद्धा साधीच राहायची ना?"

"छे! नखरेल म्हणजे नखरेल. पुढे तिचे कपडे पॅरिसचा नामांकित फॅशन डिझायनर जाँ पातू शिवायचा. चुण्यांचा रेशमी स्कर्ट, कपाळाला रंगीत पट्टा. पण त्या चुण्या पाय लांब टाकता यावा म्हणून होत्या आणि पट्टा केस डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. आधी धावायची सोय, मग नखरा. तू उलटं केलंस."

महिन्याभराने साठवलेले पैसे घेऊन मैत्रेयी पुन्हा दुकानात गेली. या वेळी तिने आरशाकडे पाठ केली. एकेक टॉप घालून ती हात उंच करून सर्व्हिसची ॲक्शन करी. काखेत शिवण काचली की टॉप परत. खाली वाकून व्हॉली मारल्यासारखं करी. पोटावरून वर सरकला की तोही परत. स्पोर्ट्‌स ब्रा घालून तिने जागच्या जागी वीस उड्या मारल्या. स्कॉर्टच्या खिशात चेंडू टाकून ती दुकानाच्या पॅसेजमधून आडवी पळाली. वॉचमन बघत राहिला. चेंडू पडला नाही.

आतली शॉर्ट तिने गडद निळी निवडली. कारण मावशीला सांगावं लागलं नाही. पाळीच्या दिवसांत पांढऱ्याची धास्ती काय असते ते प्रत्येक मुलीला कळतं. विम्बल्डनला ते कळायला २०२३ साल उजाडावं लागलं. तोवर तिथे आतले कपडेही पांढरेच लागत. त्या वर्षापासून स्कर्टच्या आत गडद शॉर्ट चालू लागली, फक्त ती स्कर्टपेक्षा लांब नको.

घाम टिपायला दोन रिस्टबँड घेतले. बहुतेक पैसे गेले ते नागमोडी तळाच्या बुटांत. टॉपचा रंग मात्र तिने झगझगीत राणी घेतला, आणि मावशीने त्याला मनापासून दाद दिली.

पुढची स्पर्धा कोल्हापूरला होती. मैत्रेयी दुसऱ्या फेरीत हरली, तिसऱ्या सेटमध्ये ५-७. रात्री मावशीला फोन करून ती अर्धा तास बोलत होती: दुसरी सर्व्हिस आखूड पडते, नेटवर जायला उशीर होतो, ड्रॉप शॉट उगाच मारले.

मावशीने मध्येच विचारलं, "आणि कपडे?"

"कपड्यांचं काय?"

"काही नाही. या वेळची खरेदी बरोबर झाली म्हणायची. हरलीस ती आपल्या खेळाने हरलीस, आणि खेळ सुधारता येतो."

तात्पर्य: ऐन कामाच्या वेळी जी वस्तू स्वतःकडे लक्ष मागते, ती कितीही शोभली तरी महागच पडते.